दसऱ्याच्या फ्रिजचा हप्ता आणि बँकेचे ५९० रुपये: ताईंच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचला. एक स्टार दिलाय आणि खाली लिहिलंय की दसऱ्याला फ्रिज घेतला, हप्ता २,१५० चा. पहिल्याच महिन्यात बँकेने दोनदा ५९० कापले, फायनान्स कंपनीने बाउन्सचे, म्हणजे हप्ता परत गेल्याचे, ४५० वेगळे घेतले, डिसेंबरात मिनिमम बॅलन्स नाही म्हणून आणखी २३६ गेले. रविवारी बँक बंद असताना हप्ता ओढला. दुकानात विचारायला गेलात तर "बँकेचं बँकेत विचारा" म्हणून परत पाठवलं. आणि शेवटी, दुकानदार आणि फायनान्सवाले मिळून कामगारांना लुटतात.

सगळे मिळून १,८६६ रुपये होतात. तुमच्या एका हप्त्याच्या जवळपास. राग येणारच.

आधी काउंटरचं बोलतो. ८ नोव्हेंबरला दुसरा शनिवार होता, बँक बंद, म्हणून तुम्ही आमच्याकडे आलात. काउंटरवर काम करणाऱ्या आमच्या पोराने तुम्हाला बसायलाही सांगितलं नाही. त्याला मी विचारलं, त्याने कबूल केलं. फ्रिज विकताना खुर्ची आणि चहा द्यायचा आणि तक्रार घेऊन आल्यावर दारातूनच वाटेला लावायचं, हे या दुकानात व्हायला नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

त्यानंतर तुमचा अर्ज काढून बघितला. तुमचं नाव, खातं, कारखाना इथं लिहिणार नाही. स्टेटमेंटचा फोटो तुम्हीच टाकलाय, तेवढ्यापुरतंच बोलतो. २ नोव्हेंबरला सकाळी खात्यात १,६४० रुपये होते. हप्त्याला ५१० कमी पडले. हप्ता परत गेला आणि बँकेने ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० कापले. उरले १,०५०. फायनान्सने ५ तारखेला पुन्हा तोच हप्ता लावला. आता ११०० कमी पडत होते, कारण पहिला दंड आधीच गेला होता. तो परत गेला, आणखी ५९० गेले, खात्यात ४६० उरले. पगार आला ७ तारखेला, शुक्रवारी.

म्हणजे ५ तारखेचा हप्ता पास होणं शक्यच नव्हतं. मधल्या तीन दिवसांत खात्यात एक रुपया येणार नव्हता. उलट दंडाने ते आणखी रिकामं झालं होतं.

मग २ तारीख आली कुठून? आमच्याकडून. फायनान्स कंपनीच्या ॲपवर हप्त्यासाठी २, ५ आणि १० असे तीन पर्याय येतात. दसऱ्याची गर्दी, दारात टेम्पो उभा, आमच्या पोराने पहिला दिसला तो दाबला. तुमचा पगार कधी होतो हे कुणीच विचारलं नाही. ओटीपी आला, त्याने मागितला, तुम्ही सांगितला, झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. व्याज किती, चार्ज किती, हप्ता चुकला तर काय, सगळं त्यात असतं. तुमच्या मोबाईलवर ते गेलंय. पण गर्दीत उभ्या माणसाच्या मोबाईलवर पीडीएफ पाठवली की समजावून सांगितलं, असं मी मानत नाही. आम्ही ते वाचून दाखवायला हवं होतं.

माझ्या वडिलांनी हे दुकान काढलं तेव्हा पंखे, मिक्सर, रेडिओ असायचे आणि उधारी लाल वहीत. त्या वहीत नावाच्या पुढे एक छोटा आकडा असायचा. ७ किंवा १०. आठवड्याचा पगार असेल तर वार. लहानपणी मला वाटायचं, हा काहीतरी हिशोब असावा. तो पगाराचा दिवस होता. ७ वाल्याकडे वडील ८ ला संध्याकाळी सायकलवरून जायचे, त्याआधी कधीच नाही. "घरात पैसा नसताना मागायला गेलं की मागणाराचंच तोंड खराब होतं," असं ते म्हणायचे. ती वही अजून कपाटात आहे. कंपनीच्या ॲपमध्ये तो आकडा लिहायला जागा नाही, आणि आम्हीही तो विचारायचा विसरलो. ही चूक माझी, कारण पोराला शिकवायचं काम माझं होतं.

पगार ७ तारखेला होतो यात तुमच्या कारखान्याचंही काही चुकलेलं नाही. १९३६ च्या वेतन कायद्यापासून हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मुदत आहे, नव्या वेतन संहितेतही सातच दिवस आहेत. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात विचारा, बहुतेकांचा पगार ७ च्या आसपासच. मग याच माणसांच्या हप्त्याची तारीख २ किंवा ५ का, हा प्रश्न मी फायनान्स कंपनीला लेखी विचारलाय.

रविवारचं सांगतो, कारण तिथं तुमचा गैरसमज झालाय आणि बऱ्याच जणांचा होतो. ऑटो डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप ओढला जाणारा हप्ता, ज्या यंत्रणेतून जातं ती एनएसीएच, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवतं. १ ऑगस्ट २०२१ पासून ती आठवड्याचे सातही दिवस चालते. शाखेचं शटर बंद असलं तरी हप्ता जातो. २ तारीख रविवारी आली तर पैसे शनिवारीच खात्यात असायला हवेत. यात कुणी लबाडी केलेली नाही.

आणि दुकानाला बाउन्समधून काही मिळतं का? नाही. ५९० पूर्ण बँकेचे आणि सरकारच्या जीएसटीचे, ४५० फायनान्सचे. फ्रिज विकला तेव्हा आमचा नफा आम्हाला मिळाला. तुमचा हप्ता बुडाला तर आमच्या गल्ल्यात एक पैसा येत नाही. "मिळून लुटतात" हे वाक्य मात्र मला मान्य नाही, ताई. आम्ही निष्काळजीपणा केला. लूट केली नाही.

आता त्या २३६ रुपयांचं. माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू इथंच आहे. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. बचत खात्यात किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवायचं. शिल्लक भरायला कमीत कमी एक महिना द्यायचा. त्यानंतरच दंड. तोही जेवढी तूट असेल तेवढ्या प्रमाणात, सरसकट नाही. आणि या दंडामुळे खातं शून्याच्या खाली जाता कामा नये. तुम्ही लिहिलंय की एकही मेसेज आला नाही, थेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे गेले. तसं असेल तर बँकेने ते परत द्यायला हवेत. शाखेत तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

५९० च्या बाबतीत मात्र कायदा तुमच्या बाजूने तितका स्पष्ट नाही, आणि मी खोटी आशा लावणार नाही. हप्ता परत गेल्याचा दंड किती असावा याला रिझर्व्ह बँकेने कमाल आकडा घातलेला नाही. बँकेचं संचालक मंडळ तो ठरवतं, फक्त वाजवी असावा आणि आधी जाहीर केलेला असावा. तुमच्या खात्यात ५१० कमी होते आणि दंड ५९०. तुटीपेक्षा दंड मोठा. किमान शिल्लकीला प्रमाणाचा नियम आहे, तर हप्त्याला का नको? मी स्वतः कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या उचलीवर धंदा करतो, चेक परत गेल्याचा चार्ज मीही भरलाय. पण मला तो लाखांच्या उलाढालीत सोसतो. पगारदाराच्या खात्यातले १,१८० म्हणजे दहा-बारा दिवसांचा भाजीपाला. मशीनला परत पाठवायला लागणारा खर्च दोन्हीकडे सारखाच असणार. ही पद्धत मला चूक वाटते आणि ते मी इथं उघड लिहितोय.

संसदेत २०२४ साली सरकारने सांगितलं की सरकारी बँकांनी पाच वर्षांत फक्त किमान शिल्लकीच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये घेतले. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यावरचा हा दंड बंद केला. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा या बँकांनीही सोडला. तुम्हाला हवं असेल तर तुमच्याच बँकेत बेसिक बचत खातं मागा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

तुम्ही अभिप्रायात एक ओळ लिहिलीय ती वाचून मला जास्त वाईट वाटलं. वसुलीवाल्याने फोनवर "जेलमध्ये टाकू" म्हटलं. २००७ च्या पेमेंट कायद्यात कलम २५ आहे हे खरं, पैसे नसल्याने ऑटो डेबिट परत गेलं तर खटला होऊ शकतो. पण त्यासाठी आधी ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस यावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात, आणि तेवढ्यात भरले की विषय संपतो. तुम्ही तर १० नोव्हेंबरलाच लिंकवरून २,१५० आणि वरचे ४५० भरले, नोटीस यायच्या आत. तुमच्यावर कुठलाही खटला नाही. फोन पुन्हा आला तर तारीख, वेळ लिहून ठेवा आणि मला द्या. त्या माणसाची तक्रार दुकानाच्या नावाने मी करतो.

मी काय करतोय ते सांगतो. चुकीच्या तारखेमुळे गेलेला पहिला दंड ५९० आणि फायनान्सचे ४५०, असे १,०४० दुकान तुम्हाला परत देईल. अभिप्राय काढा किंवा स्टार वाढवा अशी कुठलीही अट नाही. दुसरे ५९० फायनान्सने द्यावेत असं मी त्यांच्या विभागीय कार्यालयाला ई-मेल केलंय. पगाराच्या आधी, तीन दिवसांत पुन्हा हप्ता लावायची गरज नव्हती. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. २३६ साठी बँकेला द्यायचा अर्ज मराठीत लिहून ठेवलाय, त्यावर फक्त तुमची सही पाहिजे. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही. १४४४८ वर फोन केला तर माहिती मिळते, आणि ऑनलाइन अर्ज आमच्या कॉम्प्युटरवरून भरून देऊ.

हप्त्याची तारीख १० करायला नवीन मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता ओढायची परवानगी, द्यावा लागतो, त्यालाही तुमची सही लागेल. तो होईपर्यंत २ तारखेचाच हप्ता चालू राहील. जानेवारीत २ ला शुक्रवार आहे. तोपर्यंत सोय करणं जड जात असेल तर मला आधी सांगा, काहीतरी मार्ग काढू.

दसऱ्याच्या आठवड्यातले हप्त्यावरचे सगळे अर्ज मी काढलेत. आणखी सतरा जणांची तारीख २ आहे, आणि त्यांचाही पगार ७ किंवा १० लाच असणार. कालपासून एकेकाला फोन करतोय. नऊ जणांशी बोलून झालं, त्यातल्या चौघांचा पहिला हप्ता तुमच्यासारखाच परत गेला होता. त्यांनी तक्रार केली नाही, मुकाट भरलं. त्यांनाही तोच हिशोब लागू.

येताना पासबुक किंवा स्टेटमेंटची प्रिंट आणि फायनान्सचा पैसे भरल्याचा मेसेज घेऊन या. मी रोज सकाळी दहा ते दोन काउंटरवर असतो. तुमचे १,०४० पाकिटात घालून गल्ल्यात वेगळे ठेवलेत, मी नसलो तरी मिळतील.