टोनर संपत आला आहे

समोर तीन माणसं, भिंतीवर माझ्या लॅपटॉपची स्क्रीन आणि हवी ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर. मी अजिबात घाबरलो नाही. 'एक मिनिट हं' म्हणताना तर आवाजात चक्क माज होता. घरी स्वतःचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात शिरायचा खासगी बोगदा, उभं करण्यात मी तीन रविवार घालवलेत. तेही साधंसुधं नाही, वायरगार्ड! २०२० साली थेट लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात जाऊन बसलेलं. ओळखीच्या किल्लीशिवाय कुणी दार वाजवलं तर हे 'कोण आहे?' एवढंसुद्धा विचारत नाही.

जोडणी झाली. घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता, १९२.१६८.१.२०, टाइप करून मी ऐटीत एंटर मारलं. भिंतीवर, सगळ्यांदेखत, एका प्रिंटरचं पान उघडलं : टोनर संपत आला आहे.

माझ्या घरी प्रिंटर नाही.

घरी फक्त सासरे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला. ते मला अहोजाहो करतात, मी त्यांना. त्यामुळे खेकसायची सोय नाही.

"नाना, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"मी दिसतोय."

"...मॉनिटरचं बटण दाबा."

"दाबलं. पासवर्ड मागतोय. मोठ्यानं सांगू नका हो, कुणीतरी ऐकत असतं."

ऐकणारे तिघे माझ्या समोरच बसले होते. मी खिडकीकडे तोंड करून कुजबुजलो. पासवर्डात त्यांच्याच लेकीचं, मी ठेवलेलं लाडाचं नाव होतं.

पलीकडे शांतता. मग, "हे नाव आम्ही नव्हतं ठेवलं."

"नाही, नाना."

"स्पेलिंग?"

तेही सांगितलं. एकेक अक्षर. मागे कुणीतरी खोकलं.

"जावईबापू, मी राउटर बंद करून चालू करतो. आमचा टीव्ही तसाच वठणीवर येतो."

"नाना, नको, राउटरला हात—"

फोन त्याच राउटरवरून चालला होता. गेला.

त्या शांततेत माझी ट्यूब पेटली. ज्यांच्याकडे बसलो होतो त्यांचं वायफायसुद्धा १९२.१६८.१ वालंच! लॅपटॉपनं विचार केला, वीस नंबर तर याच आळीत आहे, बोगद्यातून लांब कशाला जा? आणि गेला शेजारच्या प्रिंटरकडे. आता मला सांगा, १९९६ साली खासगी नेटवर्कांसाठी पत्त्यांचे तीन पट्टे ठरवून दिले. त्यातल्या १० ने सुरू होणाऱ्या एकट्या पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत. तरी दर दुसरा राउटर खोक्यातून १९२.१६८.१ घेऊनच बाहेर पडतो. आणि मी? तीन रविवार किल्ल्या बनवत बसलो, पण तो आकडा बदलायचं सुचलं नाही. माझी चूक आहे, मान्य. तरी राउटर बनवणाऱ्यांवरचा माझा राग काही जात नाही.

लगेच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलो. आता आळी वेगळी. पण नानांच्या कृपेनं घराला बाहेरचा नवा पत्ता मिळाला होता. माझ्या घराचं इंटरनेटवरचं नाव त्या नव्या पत्त्याकडे बोट दाखवत होतं. वायरगार्ड मात्र ते नाव बोगदा सुरू करतानाच एकदा विचारतं आणि मग मिळालेला पत्ता धरून बसतं. हे मला बोगदा बंद-चालू करून पाहिल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा, आठवलं.

शेवटी घरचा डेस्कटॉप भिंतीवर झळकला. त्यावर ती फाइल आधीच उघडी होती आणि माउसचा बाण आपोआप हलत होता. फोन वाजला.

"फाइल सापडली हो. फोटो काढून पाठवलाय, बघितला नाहीत?"

समोरच्यांनी भिंतीऐवजी तो फोटोच मागून घेतला. तिरपा होता, तिसऱ्या रकान्यावर नानांचा अंगठा होता, पण त्यांचं काम भागलं.

निघताना त्यांच्यापैकी एकानं मनापासून आभार मानले. टोनरचं लक्षात आणून दिल्याबद्दल.