मामा, बॉक्स बॉक्स!

ताई आणि भाचा सुट्टीला आले की आमचा टीव्ही भाच्याच्या ताब्यात जातो. या वेळी त्यानं मला बाकूची शर्यत बघायला बसवलं. अझरबैजानच्या या राजधानीत २०१६ पासून शहरातल्याच रस्त्यांवर फॉर्म्युला वनच्या गाड्या पळवतात. सहा किलोमीटरची एक फेरी, अशा ५१. कास्पियन समुद्राकाठी लांबच लांब सरळ रस्ता आणि मधेच जुन्या तटबंदीला घासून जाणारा चढाचा बोळ.

"मामा, इथं रस्ता फक्त ७.६ मीटर रुंद आहे!"

"दोन्ही बाजूंना गाड्या लावून?" मी विचारलं. तो बघतच राहिला.

तेवढ्यात आतून हाक आली. "अहो, ताईंची सहाची एसटी आहे. दोन किलो कंदी पेढे आणा." पाच वाजून गेले होते. भाचा स्कूटरवर मागे बसला आणि परस्पर माझा रेस इंजिनिअर, म्हणजे शर्यतीत चालकाला कानात सूचना देणारा, झाला. मागचा टायर दिवाळीपासून गुळगुळीत झालाय, असं मी ओशाळून सांगितलं. "स्लिक टायर, मामा! कोरड्या रस्त्यावर तेच लागतात." त्या टायरचं कौतुक पहिल्यांदाच कुणीतरी केलं.

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून राजपथाला लागलो. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथं झाला, मग किल्ल्याखाली शहर वसलं. तेव्हाच्या रस्त्यांचा हिशेब घोड्यांचा आणि पालख्यांचा. पालखीला पार्किंग लागत नाही, भोई ती खांद्यावर घेऊनच उभे राहतात. पुढच्या रिक्षावाल्यानं डावा पाय बाहेर काढला, म्हणजे तो उजवीकडे वळणार. एका आजींनी पिशवीसकट हात वर केला आणि सगळी वाहतूक जागच्या जागी थांबली. शर्यत थांबवणाऱ्या लाल झेंड्याला एवढा मान बाकूतही नसेल.

पुढे रस्त्यातलं एक झाकण खचलेलं. त्यात कुणीतरी झाडाची फांदी रोवून वर लाल फडकं बांधलेलं, फडक्यावर अजून ब्लाउजचं हूक. भाचा म्हणाला, बाकूत २०१९ च्या सरावात सैल झाकण उसळून जॉर्ज रसेल या चालकाच्या गाडीला खालून लागलं. गाडी फुटली ती फुटलीच, वर ती उचलून नेणाऱ्या ट्रकची क्रेन पुलाला धडकली आणि त्यातलं तेल गाडीवर सांडलं. ऐकून मला ते शहर एकदम आपलं वाटलं.

मोती चौक जवळ आला आणि भाचा ओरडला, "मामा, बॉक्स! बॉक्स!"

पोराला बरोबर आठवलं म्हणत मी करकचून ब्रेक दाबला, मागच्या सगळ्या हॉर्नचे आशीर्वाद घेतले आणि दुकानात शिरून पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन आलो. भाचा कपाळाला हात लावून उभा होता. शर्यतीत 'बॉक्स' म्हणजे टायर बदलायला आत, पिटमध्ये ये. आमचा टायर रस्त्याला चिकटून बसला होता.

तिकडे वीसेक माणसं मिळून चारही चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलतात. इकडे पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यातल्या काळ्या पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांकडे सवडीनं बघत म्हणाला, "तीन हायत. च्या पिऊन या."

सहाला दहा कमी असताना ताईचा फोन आला. भाच्यानं उचलला.

"आई, आम्ही अजून पिटमध्ये आहोत."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानं फोन कानापासून चांगला वीतभर लांब धरला, आणि पंक्चरवाल्यानं न सांगताच हात जरा भरभर चालवायला घेतला.