पित्ताची नळी दुखायचीच, असे समजून बसू नये

कावीळ उतरविण्यासाठी त्वचेतून व यकृतातून पित्तनलिकेत घातलेली नळी ज्यांना महिनोन्‌महिने वागवावी लागते, त्यांच्यासाठी म्हणून एक संदेश गोव्यातील मराठी घरांत सध्या फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: नळी दुखायचीच, म्हणून हालचाल टाळावी, गळू लागल्यास वरून कापूस वाढवावा, पाणी कमी प्यावे म्हणजे पित्त कमी वाहील, आणि एकदा बसलेली नळी शेवटपर्यंत निघत नाही. हेतू चांगला असेल, परंतु यांतील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिल्या काही दिवसांची ठणक अपेक्षितच असते. मात्र त्यानंतरही टिकणाऱ्या वेदनेमागे बहुधा शोधता येण्याजोगे कारण असते. नळी उजवीकडे बरगड्यांमधून गेली असेल, तर श्वासागणिक तिथला मज्जातंतू दुखावू शकतो. छातीच्या हाडाखालून यकृताच्या डाव्या भागात घातलेली नळी पुष्कळांना अधिक सुसह्य होते. जागा पित्तमार्गातील अडथळा कुठे आहे यावर ठरते हे खरे, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नसावी. याहून नेहमीचे कारण म्हणजे ओढ. नळीतून आलेले पित्त साठविणाऱ्या पिशवीचे वजन, ती भरल्यावर, नळी त्वचेला शिवलेल्या टाक्यावर आले की टाका लाल होतो, दुखतो. पिशवी अर्धी भरताच रिकामी करावी, नळीला सैल वळसा देऊन ती दुसऱ्या एका जागी पोटावर चिकटवावी, आणि परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा तिच्यावरून जाऊ देऊ नये. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने चिकटपट्टी सुटते, तेव्हा त्वचा पूर्ण कोरडी करूनच नवी लावावी. टाक्याऐवजी चिकटणारी पकडही मिळते. तिची चौकशी करावी. एवढे सांभाळल्यास चालणे-फिरणे थांबविण्याचे कारण उरत नाही. समुद्रात किंवा तळीत उतरणे मात्र टाळावे.

गळतीबाबतचा सल्ला सर्वांत घातक आहे. पित्ताने त्वचा भाजल्यासारखी होते आणि भिजलेला कापूस तेच पित्त त्वचेला लावून ठेवतो. गळती म्हणजे बहुधा नळी तुंबली आहे, कुठे मुडपली आहे किंवा तिची छिद्रे सरकून बाहेर आली आहेत. मुडपलेली जागा सरळ करावी. शिकविले असेल तर ५ ते १० मिलिलिटर निर्जंतुक सलाईन हळूच आत सोडावे, जोर लावू नये, आणि सिरिंजने उलट ओढू नये, कारण नळीचे टोक आतड्यात असल्यास तिथला मळ पित्तनलिकेत येतो. तरीही गळत राहिल्यास नळी बदलावी लागते, कधी थोडी जाड घालावी लागते. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात; १२ फ्रेंच म्हणजे अवघे ४ मिलिमीटर, तेव्हा जाडीला घाबरू नये. काणकोणहून किंवा सत्तरीच्या गावांतून बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठायचे म्हणजे दिवस मोडतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी येणारी बदलाची तारीख पुढे ढकलण्याचा मोह समजू शकतो. पण तुंबलेल्या नळीने हुडहुडी भरून ताप आला, तर नळी टोपण लावून बंद ठेवली असल्यास ती पिशवीला जोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनविते. ते सारे पिशवीत जात असेल, तर त्यासोबत पाणी व सोडियमही जाते. अशा वेळी पाणी तोडणे म्हणजे अशक्तपणा ओढवून घेणे होय. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार नसलेल्यांना मीठ घातलेली पेज अधिक उपयोगी पडेल. ज्यांची नळी आतड्यापर्यंत पोहोचली आहे, त्यांना डॉक्टरांच्या संमतीने टोपण लावून पिशवीशिवाय राहता येते, आणि सोयीच्या दृष्टीने याहून मोठा बदल क्वचितच असेल.

राहिला शेवटचा दावा. कर्करोगाच्या अडथळ्यात अनेकदा आत धातूचा स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी जाळीदार नळी) बसवून बाहेरची नळी काढता येते. कर्करोग नसलेल्या साध्या आकुंचनात मार्ग फुग्याने टप्प्याटप्प्याने रुंद करून काही महिन्यांनी ती काढली जाते. काहींना ती ठेवावीच लागते. आपण कोणत्या गटात मोडतो, हे पुढच्या बदलाच्या वेळी नळी घालणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.