सोलरचा तो मेसेज आणि आमची गच्ची

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज चौथ्यांदा फिरून आला. तुमच्याकडेही आला असेल: ‘सोलर पॅनल बनवायला जितकी वीज लागते तितकी ते जन्मभर देत नाही. ढग आले की बंद, लाईट गेली की बंद, रात्री तर बंदच. पंचवीस वर्षांनी उरतो विषारी कचरा. शेवटी जळतो तो कोळसाच.’ पाठवणारे काका निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यामुळे हसून सोडून देता येत नाही. शिवाय मेसेजमधलं सगळंच खोटं नाही.

पहिलं वाक्य मात्र शिळं आहे. सुरुवातीच्या काळातल्या पॅनलना स्वतःवर खर्च झालेली ऊर्जा फेडायला खरोखरच बरीच वर्षं लागत. सिलिकॉनचे काप जाड असत आणि कापताना मालही खूप वाया जाई. आता आपल्याकडच्या उन्हात ही उधारी साधारण एक-दीड वर्षात फिटते आणि पॅनलची वॉरंटी असते 25 वर्षांची. यावर काकांचा प्रश्न तयार होता: “पण ते सिलिकॉन चीनमध्ये कोळशाच्याच विजेवर बनतं ना?” हो, बरंचसं तसंच बनतं. पण खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून केलेला हिशेबही उपलब्ध आहे. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, 2014 च्या अहवालात छतावरच्या सौरविजेच्या एका युनिटमागे 41 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला आहे आणि कोळशाच्या युनिटमागे 820 ग्रॅम. म्हणजे विसावा हिस्सा.

ढगांचं थोडक्यात. ढगांत निर्मिती घटते, थांबत नाही. महाराष्ट्रात एक किलोवॉटच्या पॅनलमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट मिळतात, ते जून ते सप्टेंबर धरूनच. आणि सोलरवाल्यांनीही एक गैरसमज पसरवून ठेवलाय, तो इथंच काढतो: मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी वीज सगळ्यात जोरात तयार होते, हा. पॅनलची क्षमता 25 अंशाला मोजतात. त्यावर प्रत्येक अंशाला 0.3 ते 0.4 टक्के घट. पत्र्यावर तापून पॅनल 65 अंशांवर गेलं, की सातवा-आठवा हिस्सा तिथंच गेला.

‘लाईट गेली की बंद’ हे खरं आहे, आणि विकणारे ते सांगत नाहीत याचा मलाही राग येतो. साधी ऑनग्रीड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली, सिस्टीम पुरवठा गेला की स्वतःहून थांबते. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. लाईन बंद समजून वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत गेली, तर काय होईल? लाईट गेल्यावरही पंखा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि खर्च चांगलाच वाढतो. हे आधी विचारून घ्या.

रात्रीचा मुद्दा यातला सगळ्यात वजनदार. जून 2025 मध्ये देशाच्या वीजक्षमतेत कोळसा-गॅस सोडून बाकीच्यांचा वाटा निम्म्यावर गेला, त्याचे पेढे वाटले गेले. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी. तयार होणाऱ्या विजेत अजून पाऊण हिस्सा, थोडं इकडेतिकडे, कोळशाचाच आहे. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात, तेव्हा सौरवीज शून्य असते. इथवर मेसेज बरोबर. त्यावरून ‘मग दुपारची वीजही बिनकामाची’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा. कोयनेचंच घ्या. पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिलंय. दुपारी उन्हाने भागवलं तर तेवढं पाणी संध्याकाळसाठी राखता येतं. घाटघरला याच्याही पुढची सोय आहे. 250 मेगावॉटचा हा प्रकल्प वीज मुबलक असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवतो आणि मागणी वाढली की सोडतो. अशा प्रकल्पांत चार युनिट घातली तर तीनच्या आसपास परत मिळतात. आतबट्ट्याचा वाटणारा हा व्यवहार संध्याकाळच्या युनिटची किंमत पाहिली की परवडतो. भांडायचंच असेल तर असे प्रकल्प आणि बॅटऱ्या इतक्या सावकाश का उभ्या राहतात यावर भांडूया, मी पहिल्या रांगेत येतो.

राहिला कचरा. तीन किलोवॉटच्या सिस्टीमला आजकालची सहा पॅनल लागतात. प्रत्येकी 28 किलो धरा, म्हणजे 168 किलो. त्यात बहुतेक काच, मग ॲल्युमिनियमची चौकट. डाग द्यायच्या कथिलात थोडं शिसं असतं, म्हणून ते उकिरड्यावर टाकायचं नाहीच. 2022 च्या ई-कचरा नियमांत पॅनल आली आहेत. आता दुसरं पारडं. हीच सिस्टीम 25 वर्षांत 95 हजारांच्या आसपास युनिट देईल. तेवढ्यासाठी आपला देशी कोळसा साठ टनांवर जाळावा लागतो आणि त्याची राख होते वीस टन. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा जुलै 2022 मध्ये फुटला, तेव्हा ती राख कुठे कुठे गेली हे तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. 168 किलोंची काळजी जरूर करावी, पण वीस टनांची आधी.

हे सगळं ऐकून काका मला गच्चीवर घेऊन गेले. दुपारचे साडेतीन झाले होते आणि पाण्याच्या टाकीची सावली नेमकी पॅनलसाठी ठरवलेल्या जागेवर पसरली होती. पॅनल एकामागोमाग माळेसारखी जोडलेली असतात; एका माळेतल्या एका पॅनलवर सावली पडली की अख्ख्या माळेची निर्मिती खाली येऊ शकते. आलेल्या तिन्ही कोटेशनांत टाकीचा उल्लेखच नव्हता. हा आक्षेप मेसेजमध्ये नाही, काकांचा स्वतःचा आहे, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. त्यांनी खडूने सावलीची कड आखून ठेवली आहे. रविवारी कोटेशनवाला येतोय.