इटलीत ग्रुपने वीकेंडला फिरायचंय? मग फास्ट गाडी सोडा

उन्हाळा लागला की इथे मिलानमध्ये कुणाचे ना कुणाचे आईबाबा, सासूसासरे भारतातून येतात आणि आमच्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न येऊन पडतो. "शनिवार-रविवारात फ्लोरेन्स, रोम आणि जमलं तर व्हेनिस बसवायचंय. दहा-बारा जण आहोत. गाड्या सुचवा." गाड्या आहेतच. मिलानहून बोलोन्या तासाभरात, तिथून फ्लोरेन्स पाऊण तासाच्या आत, पुढे दीड तासात रोम. कागदावर सगळं बसतं.

तरी हा बेत करू नका. हे मी कळकळीने सांगतेय, कारण असे ग्रुप परत आले की त्यांच्याशी बोलणं होतं. काय पाहिलं विचारलं तर आधी रांगा आठवतात, मग ऊन, मग कोण कुठल्या प्लॅटफॉर्मवर चुकलं ते. बोलोन्या ते फ्लोरेन्स हा फास्ट लाइनचा टप्पा तर जवळजवळ सगळाच बोगद्यांतून जातो. खिडकीजवळ हौसेने बसवलेल्या आजीला अंधारच दिसतो. व्हेनिसमध्ये २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात, इतकी तिथे माणसं झालीत. सत्तरीची माणसं आयुष्यात एकदा इतक्या लांब येणार आणि त्यांना आपण नुसतं पळवणार?

माझं म्हणणं साधं आहे. वीकेंडला एकच रस्ता धरा आणि त्यावरून रीजनल, म्हणजे गावोगाव थांबत जाणाऱ्या, गाडीने जा. इटलीत असा एक रस्ता आहे, ज्यावर सव्वादोन हजार वर्षांची शहरं ओळीने उभी आहेत. त्याचं नाव विया एमिलिया.

इसवी सन पूर्व १८७ मध्ये मार्कुस एमिलियुस लेपिदुस नावाच्या रोमन कॉन्सुलने तो बांधून घेतला. समुद्राकाठच्या रिमिनीपासून पो नदीजवळच्या पिआचेन्झापर्यंत, जवळजवळ सरळ रेषेत. त्याच्या आगेमागे रोमने या पट्ट्यात वसाहती केल्या: बोलोन्या, पार्मा, मोदेना. पार्मापासून बोलोन्यापर्यंतची गावं एकमेकांपासून साधारण पंचवीस ते चाळीस किलोमीटरवर आहेत, म्हणजे चालत एक-दीड दिवस. पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, तीही याच रस्त्याला धरून. त्यामुळे आजही मिलानहून बोलोन्याची रीजनल गाडी पकडलीत की पिआचेन्झा, पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना, बोलोन्या अशी स्टेशनं त्याच जुन्या क्रमाने येतात. पिआचेन्झाच्या अलीकडे पो नदी लागते, तेव्हा सगळ्यांना खिडकीकडे बोलवा. रेज्जो आलं की मुलांना सांगा, इटलीचा तिरंगा पहिल्यांदा इथे ठरला, ७ जानेवारी १७९७ ला. २००८ साली सुरू झालेली मिलान-बोलोन्या फास्ट लाइन मात्र हायवेच्या बाजूने, या सगळ्या गावांना वळसा घालून जाते.

रीजनल गाडीला बोलोन्यापर्यंत जवळजवळ तीन तास लागतात. लागू देत. वाटेत उतरायचंच आहे.

माझ्या मते उतरायला सर्वांत चांगलं गाव मोदेना. पार्माही सुंदर आहे, तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटातलं कोर्रेज्जो या चित्रकाराचं चित्र बघताना मान दुखेपर्यंत वर बघावंसं वाटतं. पण ग्रुपमध्ये लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मोदेनाच, कारण तिथलं बघण्यासारखं पुष्कळसं एकाच चौकात आहे आणि बरंचसं नजरेच्या टप्प्यात आहे.

तिथलं कॅथेड्रल १०९९ मध्ये बांधायला घेतलं. वास्तुकार लान्फ्रान्को, शिल्पकार विलिजेल्मो. रोमन मोदेना पुरात आणि गाळात गेलं होतं, त्या अवशेषांतले दगड उकरून यात वापरलेत. दाराशी बसलेले सिंहसुद्धा रोमन काळातले. दर्शनी भिंतीवर विलिजेल्मोने आदम-ईव्हपासून नोआच्या नौकेपर्यंतची गोष्ट दगडात कोरली आहे. नौकेच्या कमानींतून दोन चेहरे बाहेर बघतायत. आमच्याबरोबरच्या मुलांनी ते चेहरे आपणहून शोधून काढले आणि तिथून हलेनात. शिल्पकाराचं नाव घेऊन त्याची स्तुती करणारा लेखही याच भिंतीवर आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव असं लिहिलेलं सापडलं की मला फार बरं वाटतं.

मग चौकाच्या बाजूला या, कॅथेड्रलच्या मागच्या गोलाकार भिंतीपाशी. तिथे मध्ययुगीन मोदेनाची मापं दगडात कोरली आहेत: विटेचं माप, कौलाचं माप, कापड मोजायचं, जमीन मोजायचं. बाजार याच चौकात भरायचा. व्यापाऱ्याने फसवलंय अशी शंका आली तर गिऱ्हाइकाने या भिंतीपाशी येऊन ताडून बघायचं. आमच्या ग्रुपमध्ये एक काका होते, त्यांचं सांगलीत कापडाचं दुकान होतं. सकाळपासून फारसे बोलले नव्हते, चर्च बघण्यात त्यांना रस नव्हता. कापडाचं माप दिसल्यावर ते पुढे झाले, वाकून बोटाने ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली आणि म्हणाले, "हे देवळाच्या भिंतीवर लावलं ते बरोबर केलं. इथं कोण खोटं मोजणार?" मग जुने गज, वार आणि मीटर आल्यावर वडिलांची उडालेली धांदल, सगळं सांगत बसले. त्यांच्या सुनेनेही हे पहिल्यांदा ऐकलं. शहरं मोजत पळणाऱ्या ग्रुपला असा अर्धा तास कुठून मिळणार?

मोदेनाहून बोलोन्या जेमतेम अर्धा तास. मुक्काम तिथेच करा. ज्येष्ठांना घेऊन फिरायला इतकं सोयीचं जुनं शहर मला इटलीत दुसरं माहीत नाही, आणि त्याचं कारण तिथल्या कमानदार पडव्या, पोर्तिची. १२८८ च्या नगर-कायद्याने नवीन घराला रस्त्याच्या बाजूने अशी पडवी ठेवणं बंधनकारक केलं. जागा घरमालकाची, चालायचा हक्क सगळ्यांचा. शहरभर मिळून अशा ६२ किलोमीटर पडव्या आहेत आणि २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. ऊन असो, पाऊस असो, आजी-आजोबा सावलीतून, सपाट फरशीवरून निवांत चालतात. सान लूका टेकडीवर जाणारी ६६६ कमानींची चढण मात्र तरुणांनी करावी.

सान पेत्रोनियो चर्चमध्ये जायला विसरू नका. कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ मध्ये तिथल्या फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची रेषा आखली. छतातल्या एका लहानशा भोकातून सूर्याचा कवडसा येतो आणि बरोबर मध्यान्हीला त्या रेषेवरून सरकतो. हा कवडसा वर्षभरात किती लहानमोठा होतो ते मोजून त्याने ग्रहांच्या गतीबद्दलच्या केप्लरच्या सिद्धांताला पुष्टी दिली. उन्हाळी वेळेत मध्यान्ह घड्याळात एक ते दीडच्या दरम्यान येते. त्या दिवशी चर्च तेव्हा उघडं असेल तर जेवण मागे ढकला, पण हे बघाच. बोलोन्याच्या दोन प्रसिद्ध जुन्या मनोऱ्यांचं मात्र कुणाला आश्वासन देऊ नका. गारिसेंदा मनोऱ्याचा कल धोकादायक झाल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो परिसर बंद केला.

आणि बोलोन्या स्टेशन. तिथून नुसते बॅगा ओढत बाहेर पडू नका. २ ऑगस्ट १९८० ला तिथल्या वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. शनिवार होता, सुट्टीला निघालेल्यांची गर्दी होती. बाहेरचं एक घड्याळ अजूनही १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलंय. वेटिंग रूमच्या भिंतीतली फट तशीच राखली आहे आणि शेजारच्या पाटीवर प्रत्येकाचं नाव आणि वय आहे. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर आपली माणसं गमावलेल्या मुंबईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातल्या बोरिवलीच्या मावशींनी ती पाटी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली.

आता ग्रुपसाठी कामाचं. रीजनल गाडीला सीट रिझर्व्हेशन नसतं, भाडं ठरलेलं असतं, आधी घेतलं म्हणून स्वस्त पडत नाही. याचा ग्रुपला मोठा आधार. कुणाला बाथरूमला वेळ लागला आणि गाडी गेली तरी डिजिटल तिकीट त्या दिवशीच्या पुढच्या गाडीला चालतं. फक्त चढण्यापूर्वी फोनवर चेक-इन करा, कागदी तिकीट असेल तर स्टेशनवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या. नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो. निघण्याच्या आठवड्यात संपाची तारीख बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी रीजनल गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवाव्या लागतात, सुट्टीच्या दिवशी ती हमी नसते.

शाकाहारी मंडळींनी इथे जास्त सावध राहायचं. हा सगळा डुकराच्या मांसाचा प्रदेश. तोर्तेल्लीनी या सारण भरलेल्या पास्त्यात मांस असतं; त्याहून मोठ्या तोर्तेल्लोनीत बहुधा रिकोत्ता चीज असतं, ते चालेल. पण भाकरीसारखे जे ब्रेडचे प्रकार मिळतात त्यांच्या पिठातसुद्धा पुष्कळदा चरबी घालतात. "स्त्रुत्तो (डुकराची चरबी) आहे का?" एवढं विचारायचं, लगेच खरं सांगतात. पार्मेसान चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचा अर्क, लागतं, हेही ज्यांना चालत नाही त्यांना आधीच सांगून ठेवा, ताटात आल्यावर नको. दहा माणसांचं टेबल आयत्या वेळी मिळत नाही, आदल्या दिवशी फोन करा.

"इटलीला जाऊन रोम नाही पाहिलं, लोक काय म्हणतील?" असं आईच विचारते, मला माहीत आहे. रोमला अवश्य न्या. पण सलग चार दिवस काढून न्या, आणि तेव्हा खुशाल फास्ट गाडीने जा. वीकेंडचे दोन दिवस रोमच्या नावाला जागत नाहीत, मोदेना आणि बोलोन्याला मात्र पुरतात.

सप्टेंबरमध्ये आमचा याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, रिमिनीला जायचा विचार आहे. तिथे ऑगस्टसची कमान आहे, आणि इसवी सन २१ मध्ये पुरा झालेला तिबेरियुसचा पूल, ज्यावरून आजही चालत जाता येतं. मुक्काम बोलोन्यालाच, शनिवारी सकाळची रीजनल. ज्येष्ठांना घेऊन यायचं असेल तर जरूर कळवा, चाल त्यांच्या बेताने ठेवू.