देव नाही, मग हे सगळं कशासाठी? (डेन हागहून)

आमच्या फॅमिली ग्रुपवर गणपतीच्या दिवसांत हा वाद ठरलेला असतो. काकांचं म्हणणं, देव नसेल तर हे विश्व म्हणजे नुसता योगायोग, मग चांगलं वागायचं कशाला आणि जगायचं तरी कशाला. माझा चुलतभाऊ अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कामातला, तो म्हणतो युरोपात बघा, चर्च ओस पडलीयेत, काही अडलंय का त्यांचं? आणि मग दोघंही मला टॅग करतात, कारण मी नेदरलँड्समध्ये राहते म्हणजे जणू साक्षीदारच. काकांना ऐकायचं असतं की इथली माणसं आतून पोकळ आहेत, भावाला ऐकायचं असतं की देव गेला आणि सगळं छान झालं.

चर्च रिकामी झाली हे खरंय. मास्ट्रिख्टला तेराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये आता पुस्तकांचं दुकान आहे, आत कॉफीही मिळते. सरकारी पाहणीत निम्म्याहून जास्त लोक कुठलाच धर्म सांगत नाहीत. पण याच देशात 'बायबल बेल्ट' म्हणून कट्टर प्रोटेस्टंटांचा पट्टा आहे, तिथली काही कुटुंबं आजार देवाच्या हातचा म्हणून लस घेत नाहीत आणि त्यापायी अगदी १९९२-९३ मध्येसुद्धा पोलिओची साथ आली होती. म्हणजे भावाचा युरोप पण अर्धाच खरा.

विश्वाला हेतू आहे का यावर माझं उत्तर नाही असंच आहे, आणि ते मला इथल्याच एका माणसाकडून मिळालं. स्पिनोझा, सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ. १६५६ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बाहेर काढलं, पुढे तो भिंगं घासायचा, शेवटची वर्षं याच डेन हागमध्ये काढली. तो म्हणतो, छपरावरून दगड पडून माणूस मेला तर लोक म्हणणार देवाची इच्छा. तुम्ही म्हणालात अहो वारा सुटला होता आणि तो तिथून चालला होता, तर विचारतील वारा तेव्हाच का सुटला? समुद्र आदल्या दिवशी खवळला होता म्हणून. मग तो तेव्हाच का निघाला? मित्राने बोलावलं म्हणून. आणि समुद्र का खवळला, मित्राने तेव्हाच का बोलावलं... हे काही संपत नाही, शेवटी तुम्ही थकता आणि देवाच्या इच्छेचा आसरा घेता, ज्याला तो सरळ अज्ञानाचा आसरा म्हणतो. (तो निसर्गालाच देव म्हणतो, म्हणून याला लगेच आपल्या अद्वैतात बसवणारे भेटतात. बसवा, पण याच्या देवाला कसलीच इच्छा नाही, त्याला नवस बोलून उपयोग नाही.)

हे मला इतकं पटतं कारण मी लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. हजारो माणसं गेली. कुणाचं पाप, काय चुकलं, हे तेव्हा मोठी माणसं खरोखर विचारत होती. उत्तर डोक्यावरच होतं, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं. इथे १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून १,८३६ माणसं बुडाली, तेव्हाही देवाची शिक्षा म्हणणारे निघालेच. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला तर गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं होतं आणि टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. काका म्हणतात हेतू नसला तर भीती वाटते. मला उलट वाटतं. हेतू असेल तर माळवदाखाली गेलेल्या पोरांचा हिशोब कुणीतरी द्यावा लागेल, आणि तो मला ऐकवणार नाही.

पण भाऊ इथे थांबतो आणि मी नाही थांबू शकत. कारण इथल्या देव न मानणाऱ्यांनाही मरणाच्या वेळी कुणीतरी जवळ लागतंच, आणि ते त्यांनी मान्य केलंय. हॉस्पिटलांत, तुरुंगात, सैन्यात पाद्री, इमाम असतात तसे ह्युमॅनिस्ट, म्हणजे देवाऐवजी माणुसकी मानणारे, समुपदेशकही असतात, युट्रेक्टला त्यांचं विद्यापीठच आहे. काही ठिकाणी सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या हिंदूंसाठी पंडितजीसुद्धा असतात.

आमच्या शेजारच्या आजी गेल्या तेव्हा देह चार दिवस घरातच होता, इथे कायद्याने सहा वर्किंग डेजपर्यंत ठेवता येतो. मुली येऊन-जाऊन बसायच्या. दहनाच्या हॉलमध्ये पाद्री नाही, प्रार्थना नाही, नातवाने आजीच्या हातची वाणसामानाची यादी वाचून दाखवली आणि लोक हसले पण, रडले पण. मग कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. सगळं ठरलेल्या वेळेत, कारण बाहेर पुढचं कुटुंब थांबलेलं. खरं सांगू का, मला ते उघडंबोडकं वाटलं. दुसऱ्या दिवशी थोरली मुलगी कामावर गेली.

आपल्याकडे कडू घास घेऊन शेजारी येतात, तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, कुणी गाद्या घालतं, कुणी नुसतं बसून राहतं. सावरतं माणूस ते यानेच, आणि काका याचं सगळं श्रेय देवाला देऊन मोकळे होतात. भाऊ देवाबरोबर ते तेरा दिवसही भंगारात काढतो. फुल्यांनी असं केलं नव्हतं, निर्मिक म्हणजे जग घडवणारा ठेवला, भट काढला, पण लग्न लावायची सत्यशोधक पद्धत स्वतः घालून दिली, लोकांना रिकाम्या हाताने नाही पाठवलं.

भावाच्या ओळखीत कितीतरी जण देहदान करतात, मला त्याचं कौतुकच आहे. पण अँब्युलन्स गेल्यावर त्या घरी पाचव्या दिवशी, आठव्या दिवशी बसायला कोण जातं, हे त्याने मला आधी सांगावं, युरोपचं मग बघू.