‘आधी सगळे वकील मारून टाकू’ ही वकिलांची स्तुती नव्हे

शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री, भाग दुसरा’मधलं हे वाक्य म्हणजे वकिलांचा गौरव आहे, असं वरचेवर सांगितलं जातं. बोलणारा दंगेखोर, त्याला हवी हुकूमशाही आणि त्याच्या वाटेतला अडसर वकील, असा हिशेब. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनीही १९८५ साली भिन्नमताच्या निकालपत्रात, तळटीपेत, साधारण असंच लिहिलं.

बोलणारा दंगेखोर आहे, हे खरं. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात डिक खाटीक ते बोलतो. पण तिथे कसला बेत शिजत नसतो. बंडाचा पुढारी जॅक केड थापा मारत असतो: अर्ध्या पेनीचे सात पाव एका पेनीत देईन, पाणचट बिअर पिणं गुन्हा ठरवीन. त्यात डिक आपली मागणी घुसवतो. प्रेक्षक हसतो तो इथे.

वकील म्हणजे रयतेचा राखणदार, हे तर नाटकात कुणीच म्हणत नाही. केडचं उत्तर ऐका. गरीब कोकराच्या कातड्याचं चर्मपत्र करायचं, त्यावर चार ओळी खरडायच्या आणि माणूस बुडवायचा. लोक म्हणतात मधमाशी डसते. मी म्हणतो तिचं मेण डसतं, कारण एकदाच शिक्का उठवला आणि तेव्हापासून मी माझा राहिलो नाही. हे कर्जखताचं दुखणं आहे. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, तीही याच रागाने. सातव्या प्रवेशात केड राजाचा खजिनदार लॉर्ड से याला विचारतो, वाचता येत नाही म्हणून तू गरिबांना फासावर दिलंस ना? आरोप हवेतला नाही. त्या काळी लॅटिन वचन वाचून दाखवणाऱ्याचा फास बऱ्याच गुन्ह्यांत टळत असे. अडाण्याचा टळत नसे.

म्हणून केड संत ठरत नाही. चॅटमच्या कारकुनाला लिहिता येतं एवढ्यावरून तो त्याच्या गळ्यात लेखणी-दौत अडकवून फाशी देतो.

‘इतिहासातही असंच झालं’ हे पुरवणी विधान तर सोडूनच द्या. केडचं बंड खरोखर झालं ते १४५० मध्ये, आणि त्या खऱ्या बंडखोरांनी तक्रारी रीतसर लिहून मांडल्या होत्या. वकिलांवरचा राग नि दप्तरं जाळणं हे १३८१ च्या शेतकरी बंडातून उचललेलं आहे, आणि लॉर्ड सेवर नाटकात ठेवलेला छापखान्याचा आरोप तर निव्वळ कालविपर्यास. इंग्लंडात छपाई आली १४७६ मध्ये.

राहिला कायदा अराजक अडवतो हा मुद्दा. केडला उभा केला तो यॉर्कच्या ड्यूकने. तिसऱ्या अंकात तो स्वतःच तसं सांगतो. त्याचं फावलं राजामुळे. बंडवाले चालून आले तर हेन्री बोलणी करायला बिशप पाठवू म्हणतो आणि मग केनिलवर्थला पळतो. जमाव पांगतो तो माफीच्या आश्वासनावर आणि राजाच्या बाजूचा सरदार क्लिफर्ड याने पाचव्या हेन्रीचं नाव घेतल्यावर. तो मरून तेव्हा २८ वर्षं झाली होती. वकील या प्रसंगात कुठेच नाही.